प्रवाळाची भिंत : कामाच्या नोंदी

9 जानेवारी

हॉटेलचा होकार आला. फेब्रुवारीत मालवणला त्यांच्याकडे राहायचं, खोली-जेवण त्यांचं, आणि लॉबीच्या भिंतीसाठी प्रवाळावर एक काम करून द्यायचं. भिंत बारा फूट बाय पाच. काम तिथेच पुरं व्हायला हवं असं नाही. माझी भट्टी नागपुरात आहे, मातीकाम इथेच होईल, हे आधीच कळवलं होतं. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत, म्हणजे ऑक्टोबरात, भिंत उभी पाहिजे.

हॉटेल दर बुकिंगमागे थोडी रक्कम बाजूला काढतं आणि त्यातून प्रवाळाच्या जागी कायमचे बोये बसवायला मदत करतं. होडी बोयाला बांधली की नांगर टाकावा लागत नाही. नांगर घसरला की बरीच वर्षं वाढलेलं प्रवाळ एका फटक्यात उखडतं. हे वाचूनच मी अर्ज केला होता.

सोबत ‘साधारण असं’ म्हणून चार फोटो. गुलाबी, जांभळं, पोपटी. हे मालवणचं पाणी नाही एवढं मलाही कळतं.

भाऊ म्हणाला, “समुद्राचं काम अन् नागपूरच्या बाईले काहून दिलं?” त्याला म्हटलं, झिरो माइलला जाऊन बघ. तिथली उंची कशापासून मोजलीय? साधारण 310 मीटर, समुद्रसपाटीपासून. यावर त्याने चहा मागितला.

14 जानेवारी

आधी कायदा वाचून घेतला. डोक्यात होतं की किनाऱ्यावर पडलेले मेलेल्या प्रवाळाचे तुकडे गोळा करायचे आणि त्यांचे साचे घ्यायचे. जमणार नाही. कठीण सांगाड्याची सगळी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कायद्याच्या लेखी वाघ आणि प्रवाळ एकाच रांगेत. जिवंत असो की मेलेलं, उचलायचं नाही, जवळ ठेवायचं नाही. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं, क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अवतीभवती. आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय कुठे? इथेच, सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात. ताडोबाचा वाघ आणि मालवणचं प्रवाळ, दोघांच्या फायली आमच्याच गावात.

म्हणजे साचे बाद. डोळ्यांनी बघायचं, हाताने घडवायचं. खरं तर बरंच झालं. साच्यातून काढलेलं काम मला कधी जिवंत वाटत नाही.

21 जानेवारी

ओळखीच्या एका प्राध्यापकबाईंनी त्यांच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातलं जुनं कपाट उघडून दिलं. दाराची काच तडकलेली, आत फॉर्मालिनचा वास, पुठ्ठ्यावर बोरूने लिहिलेली नावं. फंजिया, ट्युबिपोरा, समुद्रपंखा, आणि मेंदूसारख्या वळ्यांचा एक मोठा गोळा. हात लावायचा नाही या अटीवर दुपारभर बसून चित्रं काढली.

भिंगातून बघितलं की कळतं, हे दगड नव्हेत, घरं आहेत. प्रत्येक खळग्यात एक बहुशुंडक, म्हणजे प्रवाळाचा इवलासा जीव, राहून गेलेला. खळग्याच्या भिंतीपासून आत मध्याकडे पातळ पडदे येतात आणि त्यांचा हिशेब सहाचा असतो. सहा, मग त्यांच्या मध्ये आणखी सहा, मग बारा. बाई म्हणाल्या, मुलं परीक्षेत हमखास आठ काढतात. मीही आठच काढले असते. मातीत तारा आखायच्या तर हात आपसूक चाराच्या पाढ्यात जातो.

घरी येऊन हत्यार केलं. छत्रीची जुनी काडी टोकाला चपटी ठोकली, हॅकसॉचं पातं तोडून त्याला सहाच्या मापाने खाचा पाडल्या. ओल्या मातीच्या खळग्यात दाबून किंचित फिरवलं की पडदे उमटतात. माती फार ओली असेल तर चिकटून वर येते, फार वाळली तर कडा भुगा होतात. मधली वेळ पंख्याखाली जेमतेम अर्ध्या तासाची.

3 फेब्रुवारी

जवळच्या कुंभारदादांकडची माती आणून पाहिली, स्वस्त पडेल म्हणून. भट्टीतून ठीक निघाली. चार-पाच दिवसांनी तुकड्यांवर खपल्या उडायला लागल्या, प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका. मातीत चुनखडीचे खडे आहेत. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो आणि मग तो हवेतला ओलावा पिऊन फुगतो. इथल्या कोरड्या थंडीत ही गत, तर मालवणच्या दमट हवेत भिंत फुटाण्यासारखी उडेल. प्रवाळाचा सांगाडाही कॅल्शियम कार्बोनेटच, त्या अर्थाने माती अगदी योग्य होती! नको. पांढरी स्टोनवेअर माती मागवली.

11 फेब्रुवारी, मालवण

कुडाळला उतरून रिक्षाने. खोली छान, समुद्र समोरच. व्यवस्थापक तरुण आहेत, उत्साही. संध्याकाळी लॉबीची भिंत मोजली. एसी दिवसरात्र चालू, अंगावर शाल घ्यावी लागली.

13 फेब्रुवारी, मालवण

आज पाण्यात गेले. पोहता येत नाही, लाइफ जॅकेट घालून, तोंडात नळी धरून, होडीवाल्या दादांचा हात धरून. पाणी गढूळसर. पहिली काही मिनिटं स्वतःच्या श्वासाशिवाय काही कळेना.

मग दिसलं. तपकिरी. खाकी. शेवाळी पिवळट. एक मोठा ओबडधोबड गोळा, त्याच्या शेजारी एकात एक गुंतलेले उभे वळणदार पापुद्रे, त्यांच्या खोबणीत गाळ साचलेला. कुठेही गुलाबी नाही. वर आल्यावर दादा म्हणाले, “लोक माका इचारतत, रंगीत खंय असा? मी काय रंगवन ठेवू?” काही जण पाव टाकून मासे गोळा करतात आणि गिऱ्हाइकांना फोटो काढून देतात. काही गिऱ्हाइकं दमली की सरळ प्रवाळावर उभी राहतात. दादा तेव्हा ओरडतात. सगळेच ओरडत नाहीत.

गोळा पोरायटीसचा, पापुद्रे टर्बिनेरियाचे. संध्याकाळी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांचा मालवणवरचा लेख वाचून नावं जुळवली. पोरायटीसचा गोळा वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आज पाहिला तो माझ्या मांडीएवढा होता. मी शाळेत जायच्या आधीपासून तो तिथे बसलेला असणार.

आणि तो तपकिरी रंग प्रवाळाचा नाहीच. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, रंग त्याचा. शैवाल उन्हावर साखर तयार करतं आणि आपल्या यजमानाला पोसतं. प्रवाळाच्या गरजेची बरीचशी, काही ठिकाणी तर नव्वद टक्क्यांपर्यंत, ऊर्जा तिथून येते. पाणी तापलं की हा संसार मोडतो, शैवाल बाहेर पडतं. उरतं ते पारदर्शक कातडं आणि आतून दिसणारा पांढरा सांगाडा. म्हणजे खाकी ते धट्टंकट्टं, पांढरंशुभ्र ते उपाशी. आणि पोस्टकार्डावर पांढरंच विकलं जातं.

भिंत खाकी करायची. हे आज पक्कं झालं.

18 फेब्रुवारी, मालवण

व्यवस्थापकांना रंगांचे नमुने दाखवले. गप्प झाले. मग हळूच म्हणाले, “मॅडम, थोडा ब्राइट करता येईल का? पाहुणे आल्याआल्या हेच बघणार.”

त्यांची बाजू मला कळते. पण ज्या पाण्यासाठी ते बोये बसवतायत त्याच पाण्याचा रंग त्यांना भिंतीवर नको आहे, यावर थोडं बोलले. ऐकून घेतलं. सनस्क्रीनबद्दल त्यांनीच विचारलं. हवाईने ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री 2021 पासून बंद केली, पलाऊने त्याच्या आदल्या वर्षी. न्हाणीघरात सूचना लावू म्हणाले. लावतील.

मुलांसाठी मातीची कार्यशाळा झाली. बहुतेकांनी शार्क केले.

24 फेब्रुवारी, मालवण

हॉटेलच्या दुकानात ‘मॅजिक मग’ आहेत. काळा मग, गरम चहा ओतला की काळा रंग विरतो आणि आतला सूर्यास्त दिसतो. आपल्याकडे सीताबर्डीवर फोटोच्या दुकानात वाढदिवसाला करून देतात तेच. सकाळी एका पाहुण्यांचा मुलगा त्यात पुन्हापुन्हा गरम पाणी भरून बघत होता. काळा, गेला. काळा, गेला.

मी नाश्ता तसाच ठेवून खोलीत गेले आणि शोधलं. हे रंगद्रव्य पूड स्वरूपात मिळतं. प्रत्येक कण एक बारीक कुपी, त्यात रंग, आम्ल आणि मेणासारखा एक पदार्थ. मेण वितळलं की रंगाची आणि आम्लाची गाठ सुटते आणि रंग दिसेनासा होतो. कोणत्या तापमानाला जायचा ते मेण ठरवतं. आणि बाजारात सर्रास मिळणारी पूड कितीची? 31 डिग्री.

एकतीस! एप्रिल-मे महिन्यात अरबी समुद्राच्या या भागातलं पाणी तिशी ओलांडतं आणि प्रवाळाचं दुखणं तिथेच कुठेतरी सुरू होतं. मला हवा तोच आकडा कारखान्याने माझ्यासाठी छापल्यासारखा.

8 मार्च

नागपूर. पुड्या मागवल्या: काळी, नारिंगी, पिवळी. तिन्ही 31 च्या.

दरम्यान घडवणं सुरू. फॅव्हायटीस जातीच्या प्रवाळाच्या खोल्या एकमेकींच्या भिंती वाटून घेतात, मधे मोकळी जागा नाही, म्हणून एक खळगा हलला की शेजारचे चार बिघडतात. पोरायटीस त्याउलट. खळगे मिलिमीटरभराचे, हत्याराचा उपयोग नाही, शेवटी दाढीच्या ब्रशचे केस अर्धे कापून त्याने टोचायला लागले. यजमान आपला ब्रश शोधत होते. सांगितलं नाही.

17 मार्च

पुड्या आल्या. पिवळी जास्त, नारिंगी निम्मी, काळी चिमूटभर, अॅक्रेलिकच्या पारदर्शक माध्यमात घोटून. भाजलेल्या पांढऱ्या तुकड्यावर लावलं. काही दिसेना. दुसरा हात दिला. तरी पांढरंच. डबा हलवला, पुन्हा घोटलं, विक्रेत्याला फोन लावणार होते. मग कोरोनाच्या वेळचा कपाळावर धरायचा थर्मामीटर वस्तूंच्या मोडवर टाकून तुकड्यावर धरला. 35.

म्हणजे माल चोख आहे. नागपूर गरम आहे. मार्च आहे अजून.

तुकडा फ्रिजवर, मिठाच्या बरणीशेजारी, ठेवला तर काही नाही. फ्रिजमध्ये ठेवला, दोन मिनिटांत हुबेहूब मालवणची खाकी. आई पाणी प्यायला उठली होती, तिने दार उघडून बघितलं आणि विचारलं, “हे शिळं काय ठेवलं आहे?”

26 मार्च

कूलर लावला. ताट्या नव्या, वाळ्याच्या. कूलरसमोर पहाटे 5 ते 8 रंग दिसतो, तेवढ्यातच रंगकाम. नंतर अंदाजाने. दुपारी घडवणं आणि घासणं.

लक्षात घ्यायची गोष्ट: रंग ज्या तापमानाला जातो त्याच तापमानाला परत येत नाही. जातो 31-32 ला, पण परतायला 28 च्या खाली यावं लागतं. रात्री खोली 29 वर आली तरी तुकडे पांढरेच. तोपर्यंत मला वाटलं होतं दिव्याचं बटण आहे. तसं नाही, आजारपण आहे: ताप उतरल्याबरोबर माणूस उठून बसत नाही.

4 एप्रिल

वीज गेली. दुपारचा कूलर बंद. फळीवर पहाटे रंगवलेले तुकडे, बघता बघता वरच्या फळीवरचे आधी गेले, मग मधले, मग खालचे. गरम हवा वर जाते हे पुस्तकात असतं, फळ्यांवर उतरताना पहिल्यांदा पाहिलं. शेजारची मुलगी दारात उभी होती. “काकू, सगळ्याइचा रंग पळून रायला.”

तिला म्हटलं, बघत राहा. ती वीज येईपर्यंत बसली आणि कोणता आधी गेला ते पाटीवर लिहीत गेली. ती पाटी ठेवलीय.

11 एप्रिल

आता अडचण. आठवडाभर टाळत होते ती लिहून काढते.

हे काम खोटं बोलतं. दुपारी पांढरं, रात्री खाकी, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाहणाऱ्याला वाटेल, प्रवाळ संध्याकाळी बरं होतं. समुद्रात असं होत नाही. एका दिवसाच्या तापाने प्रवाळ पांढरं पडत नाही आणि एका गार रात्रीत सावरत नाही. अमेरिकेची नोआ ही संस्था उपग्रहावरून याचा हिशेब ठेवते. त्या जागेच्या वर्षातल्या सर्वांत उष्ण महिन्याची सरासरी घ्यायची, पाणी तिच्या किमान एक डिग्री वर गेलं की मोजायला सुरुवात, आणि मागच्या बारा आठवड्यांची बेरीज. एक डिग्री जास्त चार आठवडे, किंवा दोन डिग्री जास्त दोन आठवडे, दोन्हीची बेरीज चार. चारला प्रवाळ पांढरं पडायला लागतं, आठला मरायला. आपल्याकडे हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी संस्था अंदमान, लक्षद्वीप, मन्नार, कच्छ अशा भागांसाठी असेच इशारे देते.

नागपुरात एक डिग्री म्हणजे बातमीसुद्धा नाही. 43 चे 44 झाले तर आपण फक्त टोपी नीट बसवतो. तिकडे तीच एक डिग्री महिनाभर राहिली की घर रिकामं. आणि पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं, महिने लागतात. नाही निवलं तर सांगाड्यावर भलतंच शेवाळ चढतं.

ही बेरीज माझ्या भिंतीत नाही. मॅजिक मगमध्ये बेरीज नसते.

12 एप्रिल

विक्रेत्याच्या माहितीपत्रकात, अगदी शेवटी, बारीक अक्षरात: ‘थेट उन्हात वापरू नये. अतिनील किरणांनी रंगद्रव्य कायमचे निकामी होते.’

तीनदा वाचलं. ही बेरीजच आहे!

13 एप्रिल

गच्चीवर फळी मांडली. चार ओळी. पहिली उघडी. दुसरीवर अतिनील किरण अडवणाऱ्या वार्निशचा एक हात. तिसरीवर तीन हात. चौथी उघडीच, पण पत्र्याच्या सावलीत. दर रविवारी पहाटे, गार असताना, पांढऱ्या पुठ्ठ्याशेजारी ठेवून फोटो.

27 एप्रिल

पहिली ओळ पहाटेच्या गारव्यातही फिकट, चहाच्या डागाइतकी. दुसरी थोडी उतरलीय. तिसरी आणि चौथी जशीच्या तशी. दिवसा अर्थात चारही पांढऱ्या, तेव्हा फरक कळतच नाही. फरक कळतो तो गार झाल्यावर, कोण परत आलं आणि कोण नाही.

त्यावरून वाटणी केली. खरी प्रवाळंही सारखी सोसत नाहीत. पोरायटीसचा गोळा चिवट, नाजूक फांद्यांच्या जाती आधी जातात. म्हणून पोरायटीसला वार्निशचे तीन हात, फॅव्हायटीसला एक, आणि पातळ कडांच्या तुकड्यांना काहीच नाही. दुपारी सगळी भिंत पांढरी पडेल, रात्री बरीच परतेल. पण वर्ष सरेल तसे काही तुकडे परतायचे थांबतील. कोणते, कधी, ते उन्हावर.

14 मे

एसीचं काय करायचं हा प्रश्न उरला. लॉबीत 24 डिग्री. तिथे भिंत जन्मभर खाकी राहील, ऊनही नाही. पर्यटक एसीत बसून ठणठणीत प्रवाळ बघणार. मला ते नको.

व्यवस्थापकांना फोन केला. पश्चिमेकडचा व्हरांडा मागितला, जिथे दुपारनंतर तिरपं ऊन भिंतीवर येतं. म्हणाले, तिथे जेवणाची टेबलं आहेत. म्हटलं, उत्तम. लोक जेवायला बसतील तेव्हा भिंत पांढरी असेल, रात्रीच्या जेवणाला खाकी. ते हसले. मग गंभीर झाले: “मॅडम, लोक म्हणतील तुमच्या भिंतीचा रंग उडालाय.”

तेच म्हणायला हवंय ना मला. पण फोनवर एवढंच म्हटलं, की शेजारी मराठी-इंग्रजीत एक पाटी लावू. आजचं तापमान लिहायला जागा ठेवू, ते रोज हॉटेलच्या मुलांनी खडूने लिहायचं.

विचारून सांगतो म्हणाले.

31 मे

व्हरांडा मिळाला. अट एकच, टेबलं हलणार नाहीत. कबूल.

भिंत जांभ्या दगडाची आहे, ठिसूळ, प्रत्येक तुकड्यासाठी भोक पाडणं शक्य नाही. चौकट करून तीच चार ठिकाणी खोल बसवायची, तुकडे चौकटीला. स्क्रू 316 प्रतीच्या स्टेनलेसचे, साधे खाऱ्या हवेत वर्षभरात गंजून तांबडे ओघळ येतात. इतवारीत दोन दुकानं फिरले, 304 दाखवून 316 म्हणतात. डबीवरचा शिक्का बघून घेतले.

16 जून

पाऊस आला, रंगकाम दिवसभर करता येऊ लागलं. वर्तमानपत्रात प्रवाळाचं काही नाही, कधीच नसतं. 2023 पासून जगभर प्रवाळ पांढरं पडण्याची चौथी लाट सुरू झाली. आधीच्या तीन 1998, 2010 आणि 2014 ते 17. 2025 च्या एप्रिलमध्ये इंटरनॅशनल कोरल रीफ इनिशिएटिव्हने जाहीर केलं की जगातल्या सुमारे 84 टक्के प्रवाळक्षेत्राला या लाटेत पांढरं पडण्याइतकी उष्णता लागली. पाटीवर हा आकडा घालावा का? नको. पाटीवर आजचं तापमान पुरे.

2 जुलै

करारपत्र आलं. कलम: ‘कलाकृतीचा रंग फिका झाल्यास कलाकाराने दोन वर्षे विनामूल्य पूर्ववत करून द्यावा.’ सगळ्या कंत्राटांत असतं तसंच, रंगाऱ्याचं असो की माझं. मी खोडून परत पाठवलं. त्यांच्या हिशेबनीसांचा फोन आला, जरा चढ्या आवाजात: फिका होणार हे तुम्हाला आधीच माहीत असेल तर पैसे कशाचे घेता?

प्रश्न वाजवी आहे. उत्तर लगेच सुचलं नाही.

5 जुलै

चितार ओळीत गेले, तणस आणायला, तुकडे बांधण्यासाठी. तिथे आता गणपतींचा हंगाम, सगळी ओळ ओल्या मातीने भरलेली. ओळखीचे मूर्तिकार काका तणसाच्या सांगाड्यावर हात घडवत होते, सुतळीने बोटं बांधत. त्यांना करारपत्राची गोष्ट सांगितली, तक्रार म्हणूनच.

काकांनी मान वर न करता विचारलं, “किती दिवस टिकते म्हणे?” म्हटलं, काही तुकडे वर्षभर, काही जास्त. “आमचं तं दहा दिवसाचं असते. अन् मारबत तं मिरवली की त्याच दिवशी जाळून टाकतात. पैसे देतातच ना लोक? बुडवाच्या मूर्तीचे कोणी कमी नाही देत, पोरी.” काळी मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवायचा पुतळा, 1881 पासून निघते म्हणतात, म्हणजे आमच्या गावाला जाळायच्या वस्तूवर मेहनत करायची जुनी सवय आहे. तणसाचे पैसे मात्र काकांनी पुरते घेतले.

7 जुलै

हिशेबनिसांना लिहून कळवलं: फिका होणं हा दोष नाही, कामाचा भाग आहे, आणि किंमत घडवण्याची आहे. पुन्हा रंगवून देणार नाही. त्याऐवजी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पहाटे हॉटेलने भिंतीचा एक फोटो काढायचा, त्याच जागेवरून, पांढरा पुठ्ठा शेजारी धरून, आणि तो बारा महिने मला पाठवायचा. जे तुकडे परतले नाहीत त्यांच्यावर पाटीशेजारच्या नकाशात फुली मारायची. फुली पुसायची नाही.

19 जुलै

मान्य. कलमाच्या जागी फोटोचं कलम. एक भर त्यांनी स्वतःहून घातली: फुल्या दहा झाल्या की त्या वर्षीच्या बोयांच्या निधीत हॉटेल ठरावीक रक्कम वाढवेल. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. व्यवस्थापकांचंच असणार.

आता उरलेलं. पोरायटीसच्या तीन गोळ्यांना वार्निशचा तिसरा हात बाकी. टर्बिनेरियाचा एक पापुद्रा भाजताना चिरला, तो तसाच लावायचा, चीर गाळाने भरल्यासारखी करून. खोके बाहेरून पांढऱ्या प्लॅस्टिकने मढवायचे. ट्रकमध्ये गरम झाले तर हरकत नाही, ऊन लागता कामा नये. ट्रकवाल्याला हे दोनदा सांगितलं, तो म्हणाला, “ताई, आंबे आहेत का?” शेजारच्या मुलीच्या पाटीवरून नकाशाचे क्रमांक उतरवून घ्यायचे आहेत, तिने मोजलेला क्रम माझ्या क्रमापेक्षा नीट आहे. तिला विचारून तिचं नाव भिंतीशेजारच्या पाटीवर घालायचं.